मरणाचं रेकॉर्डिंग

कप्तानाने कानातले कापसाचे बोळे काढून खिशात घातले आणि खुर्चीत सरळ बसला. पडद्यावरच्या तोफा थंडावल्या होत्या. आता नायक बोलणार, म्हणजे आपणच बोलणार, हे त्याला ठाऊक होते.

"झोपला होतात ना?" बायकोने विचारले.

"मी कशाला झोपू? झोपायला पब्लिक आहे की."

ते खरेच होते. दुपारच्या खेळाला अर्धे थिएटर रिकामे, आणि उरलेल्या अर्ध्यातले निम्मे लोक घोरत होते. दर्यावर्दी नायकाच्या साहसांचा हा आठवा भाग. नायक उंच, देखणा, केस वाऱ्यावर उडवणारा. कप्तान बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर उडवण्याजोगे काही न उरलेला. पण पहिल्या भागापासून त्या नायकाला आपल्या भाषेत बोलते केले ते यानेच. म्हणून गल्लीत भाजीवालीसुद्धा त्याला 'कप्तान' म्हणायची आणि वर चार मिरच्या जास्त घालायची.

या खेपेला मात्र कंपनीने गुप्ततेचा कहर केला होता. कथा बाहेर फुटू नये म्हणून डबिंगला आलेले चित्र सगळे काळे, आणि मधोमध नायकाचे नुसते हलणारे ओठ. समोर कोण उभे आहे, प्रसंग लग्नाचा की लढाईचा, काही विचारायची सोय नाही. कप्तानाने सगळा सिनेमा अंदाजाने बोलून काढला. त्यात कहर म्हणजे शेवट दोन रेकॉर्ड करून घेतले. एकात नायक होडीत उडी मारून खदाखदा हसतो, दुसऱ्यात मरतो. ठेवणार कोणता, ते कुणीच सांगेना.

आणि कप्तान मेला होता फार सुंदर. इतकी वर्षे काचेपलीकडे जांभया देत बसलेल्या रेकॉर्डिस्टने त्या दिवशी चष्मा काढून पुसला होता. तेव्हापासून कप्तानाला एकच ध्यास लागला: नायक मेला पाहिजे.

"म्हणजे पुढचा भाग नाही, आणि तुमचं काम बंद," बायकोने घरी समजावले होते. "स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?"

"एकदाच चांगलं काम झालंय गं माझ्या हातून. ऐकू दे की लोकांना."

सिनेमा पुढे सरकत होता, म्हणजे नुसता वेळ सरकत होता. नकाशा हरवला, सापडला, पुन्हा हरवला. पुढच्या रांगेतला चौकटीच्या शर्टवाला तेवढा जागा होता आणि पैसे वसूल करत होता.

"अरे, हा पूल मागच्या भागात पडला होता की!" तो ओरडला. "कुणी बांधला परत?"

त्याच पुलावर नायक थांबला, वळला आणि हळूच म्हणाला, "घाबरू नकोस. डोळे मिटून घे. उघडशील तेव्हा मीच समोर असेन."

कप्तानाने श्वास रोखला. हे वाक्य त्याने जीव ओतून म्हटले होते. समोर आजारी नायिका असणार, अशी त्याची खात्री होती. चित्र फिरले. समोर खेचर होते. तोंडात गवताची काडी धरून ते नायकाकडे बघत होते.

थिएटर हसून हसून लोळले. झोपलेले उठले आणि काय झाले ते विचारून पुन्हा हसले. कप्तान खुर्चीत खाली खाली सरकत गेला.

बायको मात्र हसली नाही.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"मला ऑपरेशनला आत नेत होते, तेव्हा तुम्ही असंच बोलला होतात. याच सुरात."

"मला काय माहीत खेचर असेल म्हणून! मी आपला तुला डोळ्यांसमोर आणलं आणि..."

"असू दे," तिने पॉपकॉर्नचा पुडा त्याच्या मांडीवर ठेवला. "नशीब काढलं खेचराने."

शेवटी एकदाची गोळी सुटली आणि नायक वाळूत कोसळला.

"मर एकदाचा!" चौकटीचा शर्ट ओरडला.

तुझ्या तोंडात साखर पडो, असे कप्तान मनात म्हणाला. त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. पण नायकाने एक डोळा उघडला, टुणकन उठला, होडीत उडी मारली आणि कप्तानाच्याच आवाजात खदाखदा हसला.

"अरे देवा, म्हणजे अजून एक भाग!" कुणीतरी कण्हले. दिवे लागायच्या आत लोक दाराशी पोहोचले होते.

बाहेर ऊन रखरखत होते. बसस्टॉपच्या बाकावर कप्तान तोंड पाडून बसला.

"काम तरी राहिलं ना?" बायको म्हणाली.

"कसलं काम? लोक कसे पळाले पाहिलंस ना? नववा भाग काढायला कंपनीला काय वेड लागलंय? तेलही गेलं, तूपही गेलं."

बायकोने पर्स मांडीवर ठेवली, पदर सारखा केला आणि त्याच्याकडे वळून बसली.

"म्हणून दाखवा."

"काय?"

"मरण. मी कुठे ऐकलंय?"

"इथे? स्टॉपवर?"

"बस यायला वेळ आहे."

कप्तानाने आजूबाजूला पाहिले, घसा साफ केला आणि डोळे मिटले. त्याचा श्वास हळूहळू जड झाला. मान बाकाच्या पाठीवर टेकली. "नकाशा... जाळून टाक," तो म्हणाला, आणि भर उन्हात बायकोच्या अंगावर काटा आला. "आता मला... कुणाला रस्ता विचारायचा नाही." हात मांडीवरून घसरून खाली लोंबू लागला.

"अहो काका!" रस्त्यापलीकडून चौकटीचा शर्ट पाण्याची बाटली घेऊन धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काका, डोळे उघडा! मावशी, बघत काय बसलाय, यांना दवाखान्यात न्यायला हवं!"

बायकोने डोळे पुसले आणि ओठांवर बोट ठेवले.

"भाऊ, जरा गप्प बसा. त्यांचं शेवटचं वाक्य राहिलंय."

चौकटीच्या शर्टवाल्याने तिच्याकडे पाहिले, कप्तानाकडे पाहिले आणि बाटली हातात धरून तिथेच उकिडवा बसला. बस आली, थांबली आणि निघून गेली. तिघांपैकी कुणीच उठले नाही.