म्मा-गोराताची वाळूची बाटली

मित्रांनो, मी तेलाची जुनी बाटली. तेल केव्हाच संपलं, आता पोटात वाळू आहे. बोट्स्वानातल्या कान्ये गावात, एका अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागे मी पडून असते. आधी माझं ऐकून घ्या, मग हवं तर हसा.

कारखान्यात गरम प्लॅस्टिक फुगवून मला घडवलं आणि धरायला अंगाला एक कान ठेवला. दुकानात मी पिवळ्याधमक तेलानं भरून ऐटीत उभी असायचे. तिथून गोराताच्या आईनं मला घरी नेलं. गोराता तिची थोरली, म्हणून सारं गाव तिला म्मा-गोराता म्हणतं. ती माग्विन्या तळून विकायची. त्या फुगीर गरम गोळ्यांसाठी शाळेची पोरं रांग लावायची. पण माझ्यातलं तेल संपलं, त्याच सुमाराला तिच्या हातांनीही दगा दिला. संधिवात! बोटांची पेरं सुजली, मनगट वळेना, आणि गुडघे सकाळी लाकडासारखे होऊन बसायचे. पीठ मळणं बंद पडलं.

तेव्हाच गोराता बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, सेथुन्या. रिवाजाप्रमाणे मायलेकींना काही महिने खोलीतच राहायचं होतं. नंतर गोराताला राजधानीत, गाबोरोनला, नोकरीवर जायचं होतं. मग बाळ कोणाकडे राहणार? गोराताची सासू, म्मा-थुसो, मोचुडी गावाहून निरोप धाडायची, "गोराता, तुझ्या आईला चहाचा कप उचलवत नाही, बाळ काय उचलणार? आम्ही नेतो."

तो निरोप ऐकून म्मा-गोराता ताट सारून उठली. पहिली नात आणि ती परक्या अंगणात वाढणार? ती तडक दवाखान्यात गेली. तिथे व्यायाम शिकवायला रा सेबोनी, म्हणजे सेबोनीसाहेब, होते.

"वजनं विकत आणू नका, म्मा," ते म्हणाले. "घरातली बाटली घ्या, तळाशी थोडी वाळू घाला. सोसेल तशी वाढवा."

अशी मी कामाला लागले. पण आमची बाई भारी घाईची! माझा कान धरून दोनदा उचललं आणि म्हणाली, "एवढ्याशा वाळूनं काय होणार? बाळ काही हवेनं भरलेलं नाही." तिनं मला गळ्यापर्यंत भरलं. दात-ओठ खाऊन उचलत राहिली. दुखलं की म्हणायची, दुखतंय म्हणजे ताकद येतेय. संध्याकाळपर्यंत मनगट लालभडक झालं. मला फार वाईट वाटलं, पण मी काय करणार? वजन माझं, हट्ट तिचा.

रा सेबोनी चांगलेच कावले. "जोर स्नायूंवर यायला हवा, म्मा, सांध्यांवर नाही. सूज उतरेपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही."

सूज उतरल्यावर त्यांनी माझी निम्म्याहून जास्त वाळू ओतून दिली. माझ्या पातळ कानाला जुन्या झग्याची पट्टी गुंडाळून तो जाड केला, म्हणजे बोटं आवळावी लागू नयेत. पुढे तर कानच सोडायला लावला. मला बाळासारखं उजव्या हातावर आडवं घ्यायचं, डावा तळवा उजव्या कोपराखाली ठेवायचा आणि सावकाश वर उचलायचं. गुडघ्यांसाठी उंच खुर्ची, तिच्यावरून उठायचं नि बसायचं, बस.

कोपराखाली हात म्हटल्यावर म्मा-गोराता खो-खो हसली. त्यांच्यात मोठ्यांना काही देता-घेताना असाच हात धरतात. "अहो, बाटलीला एवढा मान? उद्या हिला चहा घेणार का म्हणून विचारू?"

"विचारा की! पण हात काढू नका," रा सेबोनी म्हणाले.

हळूहळू मी तिला जड वाटेनाशी झाले. शेजारणी म्हणायच्या, बाटलीनं कमाल केली हं! मीही फुशारले.

बाळाला बाहेर आणायचा दिवस आला. म्मा-थुसो मोचुडीहून आली आणि अंगणात चटईवर पाय पसरून बसली. तिथे खुर्च्या पुरुषांच्या, बायका चटईवर. म्मा-गोराताची उंच खुर्ची भिंतीशी तयार होती. पण विहिणीसमोर वर कसं बसायचं? कशीबशी ती चटईवर टेकली. मी दाराशी होते. तिथून सगळं दिसत होतं.

गोरातानं बाळ पुढे केलं. म्मा-गोरातानं उजवा हात पसरला, डावा कोपराखाली धरला आणि नातीला अलगद घेतलं. म्मा-थुसोचा चेहरा उजळला. "बघा, नातीलासुद्धा किती मानानं घेतलं!"

एवढ्यात सेथुन्या रडायला लागली. उठून फिरवायला हवं होतं. म्मा-गोरातानं एकदा जोर लावला, पुन्हा लावला. गुडघे हलेनात.

"मला उठता येत नाही," ती अखेर म्हणाली. डोळे भरले होते. "आणि तो मानही नव्हता, विहीणबाई. मनगट दुखतं म्हणून मी तसा हात धरते. खुर्चीवरून उठते मी, बाळ घेऊन उठते. पण तुम्ही चटईवर आणि मी खुर्चीवर?"

म्मा-थुसोनं पसरलेले पाय जवळ ओढले. मग लेकीसुनांवर ओरडली, "बघत काय उभ्या राहिलात? खुर्ची आणा. दोन आणा! माझेही गुडघे काही नवरीचे नाहीत."

लेकीसुनांनी आधार देऊन म्मा-गोराताला खुर्चीवर बसवलं, तिनं बाळ घेतलं आणि ती उठली. सेथुन्या तिच्या खांद्यावर शांत झाली. म्मा-थुसो म्हणाली, "बरं, राहू दे इथे. ज्वारीची मळणी झाली की मी पुन्हा येईन. तेव्हा उचलवत असेल तर पोर तुमची."

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण गोराता नोकरीवर गेली आणि बाळाच्या मागे म्मा-गोराताला दिवस पुरेना. "आता कशाला बाटली? पोर उचलते तोच व्यायाम," असं म्हणत तिनं मला टाकीमागे ठेवलं आणि ती विसरून गेली. थंडी आली, सांधे पुन्हा आखडले. पोर मात्र रोज वाढतेय. माझी वाळू कमी-जास्त करता येते, पोरीचं वजन थोडंच करता येतं?

काल खुर्चीवर बसून सेथुन्याला उचलताना म्मा-गोराताच्या मनगटातलं बळ एकदम गेलं. पोर तिच्या मांडीतच पडली, लागलं काही नाही. पण आजी हमसून हमसून रडली. "नाही जमत गं मला," ती पोरीला म्हणाली. "नेतील आता तुला." मी टाकीमागून जीव तोडून हाका मारल्या. पण बाटलीला तोंड असलं तरी आवाज नसतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा सुजलेला हात असेल. त्याच्यावर झेपणार नाही एवढं वजन लादू नका, आणि दुखतं म्हणून त्याला कायमचं स्वस्थ बसवूही नका. आणि तुमच्यापैकी कोणी कान्येला जाणार असेल, तर म्मा-गोराताला टाकीमागे बघायला सांगा. उन्हानं मी तडकले आहे, गळ्यापर्यंत भरलं तर फुटेन. तळाशी मूठभर वाळू ठेवली तरी पुरे. पण लवकर सांगा, शेतात ज्वारी कापायला सुरुवात झाली आहे.