टाचेचे दोन ठोके

राजे गेले त्याला दीड महिना झाला. या दीड महिन्यात जो भेटतो तो त्यांचा जिवलग निघतो. जॅझ म्हटलं की ज्यांनी जन्मभर कानात बोटं घातली, तेही डोळे पुसत म्हणतात, "काय वाजवायचे हो!" मी एकवीस वर्षं त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसलो. मला कुणी काही विचारलं नाही.

आमच्या बँडमध्ये त्यांना राजे म्हणायचे आणि मला दुसरा. पहिला ट्रम्पेट पुढे उभा राहून वाजवतो, दुसरा मागे बसून साथ करतो, म्हणून दुसरा. पुढे पुढे बायकोसुद्धा चिडली की मला त्याच नावाने हाक मारायला लागली.

खोटं कशाला बोलू, माझा जीव होता त्या माणसावर. पंचवीस वर्षांचा घोडा झालो होतो मी, तेव्हा त्यांनी मला जमिनीवर उताणं झोपवलं, पोटावर चार जाडजूड पुस्तकं ठेवली आणि श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. ते वाजवायला लागले की हॉलमधली माणसं खोकायची विसरत. अगदी साधी धूनही ते अशी वाजवत, की घरी गेल्यावर कुणाची तरी माफी मागावीशी वाटे. हे मी आजही म्हणतो. राग आहे तरी म्हणतो.

मग त्यांचा ओठ गेला. ट्रम्पेटवाल्याचा ओठ म्हणजे त्याचं सगळं काही. आतला स्नायू फाटला की खालचे सूर निघतात, वरचे निघत नाहीत. डॉक्टरांनी वाजवणं बंद करा म्हणून सांगितलं. एका दुपारी राजे आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि बायकोसमोर लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "दोन महिने सांभाळून घे रे मला. ओठ बरा झाला की मी स्वतः सगळ्यांना सांगेन, कोण वाजवत होतं ते."

दोन महिन्यांची सहा वर्षं झाली.

आमचं ठरलेलं होतं. ओठ दगा द्यायला लागला की ते टाच जमिनीवर दोनदा आपटायचे. त्या क्षणी त्यांनी फुंकणं थांबवायचं आणि मी उचलायचं. ते ट्रम्पेट तोंडाला लावून तसेच उभे, गाल फुगलेले, बोटं अगदी बरोबर चालणारी. मी मागे, नोटेशनच्या स्टँडआड. सगळे माईक एकाच स्पीकरला जोडलेले, कोणता सूर कुठून आला ते समोरच्याला काय कळणार? जुन्या पियानोवाल्याला माहीत होतं, तो राजांच्या आधीच गेला. बाकीचे दर हंगामाला बदलायचे. घरी बायको म्हणायची, "टाळ्या त्यांना, आणि तुमच्या ओठाला मलम मी लावायचं."

त्यांची शेवटची रेकॉर्ड एका कार्यक्रमातच केलेली आहे. तिच्यातला एक सूर आता फार गाजतोय. शेवटच्या धुनेत तो वर चढतो, मधेच फुटतो आणि पुन्हा सावरून लांबवर जातो. वर्तमानपत्रात एकाने लिहिलं, की या एका सुरात माणसाचं अख्खं आयुष्य आहे. नवे वाजवणारे तो सूर मुद्दाम फोडायची तालीम करतात म्हणे.

खरी गोष्ट एवढीच, की त्या दिवशी राजांना टाच आपटायला उशीर झाला. सूर त्यांच्या ओठावर फुटला, मग ठोके आले, आणि मी तो घाईघाईने उचलला. फुटेपर्यंतचा त्यांचा, सावरल्यापासूनचा माझा. कान देऊन ऐकलं तर मधे एक खुर्ची करकरते. ती माझी. मी दचकून पुढे वाकलो होतो.

तीच रेकॉर्ड आता त्यांची मुलगी नव्याने काढते आहे, कव्हरवर सगळ्यांची नावं घालून. माझा जीव टांगणीला लागला होता तो यासाठी. जगाला नाही सांगितलं तर नाही, पण निदान पोटच्या पोरीला राजे बोलले असतील. त्यांनी शब्द दिला होता.

आज दुपारी त्यांच्या आठवणीत कार्यक्रम होता. निघताना बायको म्हणाली, "आज बोला. नाहीतर नंतर माझ्यापाशी कुरकुर करायची नाही."

कार्यक्रमाआधी राजांच्या मुलीने मला स्टेजमागच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कव्हरचा नमुना होता. वर राजांचा फोटो, खाली नावं. सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत: साथ, दुसरा ट्रम्पेट. पुढे माझं नावही नव्हतं.

"काका, काही चुकलंय का बघा ना," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तो फुटलेला सूर आहे ना, त्याच्या पुढचं मी वाजवलंय. तुझ्या बाबांचा ओठ गेला होता. सहा वर्षं वरचे सगळे सूर मी वाजवत होतो."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने माझा हात हातात घेतला.

"बाबांनी सांगितलं होतं मला."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. अगदी अर्धा क्षण.

"म्हणाले होते, मी गेल्यावर तुझे काका असं काहीतरी म्हणतील. त्यांच्यावर रागावू नकोस. जन्मभर मागे बसलेल्या माणसाला कधी कधी असं वाटायला लागतं."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला या वयात कळलं. त्या माणसाने मरायच्या आधी माझ्यासाठी खड्डा खणून ठेवला होता, आणि वर पोरीला सांगितलं होतं, काका पडले की त्यांना प्रेमाने उचल.

"खुर्चीचा आवाज ऐक," मी म्हटलं. "तुझे बाबा तर उभे असायचे."

"ऐकलाय ना. तुमचीच असणार. बाबा वाजवत असताना तुम्हाला कुठे धीर निघायचा!" ती हसली, डोळे पुसले. "आज ती धून तुम्हीच वाजवा हं. तुमच्या परीने."

स्टेजवर पुढची जागा रिकामी ठेवली होती. तिथे एका स्टुलावर राजांचा ट्रम्पेट. मी माझ्या जुन्या खुर्चीवर मागे बसलो. धून सुरू झाली, चढत चढत त्या जागेशी आली. टाचेच्या दोन ठोक्यांनी पायाखालची फळी थरथरतेय का म्हणून मी वाट पाहिली. एवढं होऊनही पाहिली, याचीच मला जास्त लाज वाटली.

मग मी ट्रम्पेट खाली मांडीवर ठेवला.

मनात म्हटलं, घ्या आता. ऐका कोण नाहीये ते. वाजवा म्हणावं राजांना.

नव्या पियानोवाल्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं आणि हात थांबवले. ड्रमही थांबला. सगळा हॉल गप्प. पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने मान खाली घातली. मग दुसरा. मग सगळेच. त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून माणसं हुंदके द्यायला लागली.

पडदा पडल्यावर मुलगी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली.

"काका, किती छान सुचलं तुम्हाला! त्यांचा सूर त्यांच्यासाठीच मोकळा सोडलात. आजचा कार्यक्रमही रेकॉर्ड केलाय, तो या रेकॉर्डच्या शेवटी जोडते मी," ती म्हणाली. "आणि त्या शांततेपुढे तुमचं नाव घालते. पूर्ण नाव. मोठ्या अक्षरांत."