रावसाहेबांची चप्पल

मी फळी बोलतेय. खाडीकाठच्या एका गावातली, चिखलावर टाकायची साधी फळी. माझं बोलणं कितपत खरं मानावं, हे मलाही कळत नाही. मला माणसं फक्त तळपायांवरून माहीत.

माझा जन्म मासेमार बाळारामच्या वडिलांच्या होडीत झाला. होडी मोडली, मी तेवढी शाबूत निघाले. आमच्या गावाला धक्का नव्हता. ओहोटीला होड्या लांब राहत आणि बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून येत. काठाजवळची सगळ्यात खोल जागा त्या माझ्यावरून ओलांडत. बाळारामची बायको कमळी मला म्हणायची, "तू हायस म्हनून हाडं शाबूत हायेत गो."

नव्वद सालच्या निवडणुकीत रावसाहेब मतं मागायला थेट खाडीवर आले. माझ्यावर चढले, मध्येच तोल गेला आणि मांडीपर्यंत रुतले. पाय निघाला, चप्पल निघाली नाही.

"खाडीनं ठेवून घेतली, सायेब!" कमळी हसली. "आता परत यायलाच लागंल तुमाला."

"धक्का बांधतो आणि मगच चप्पल न्यायला येतो, वहिनी."

हे बोलताना त्यांचा अनवाणी पाय माझ्यावर होता. घट्ट टेकलेला होता. ते खोटं बोलत होते, असं मला आजही वाटत नाही.

ते निवडून आले. गावानं सत्कार ठरवला. स्टेजला फळी कमी पडली म्हणून मला चिखलातून उपसून नेलं, खिळे ठोकले, वर लाल गालिचा अंथरला. मला नंतर कळलं, कमळीनं चिखलातून शोधून, धुऊन ठेवलेली चप्पल पदराखाली आणली होती. ती पुढे निघाली तसा बाळारामनं तिचा दंड धरला.

"आज नको. पाहुन्याला हार घालायचा आनि वर मागनं मागायचं? गावाची लाज जाईल."

"मी कुठं मागतेय? त्याचीच चप्पल त्याला देतेय."

"मग उद्या दे."

भाषण संपवून रावसाहेब क्षणभर थांबले. नव्या बुटांतले पाय चुळबुळले. धक्क्याचं कोणी विचारेल, असं त्यांना वाटलं असेल का? कोणीच विचारलं नाही. बँड सुरू झाला आणि ते पाय हलके होऊन उतरून गेले. दिलेला शब्द सुटतो तो अशाच जागी का? मी गालिच्याखाली होते. मला काय दिसणार!

मांडववाल्यानं मला बाकीच्या फळ्यांच्या ढिगात टाकलं. बाळाराम शोधत येईपर्यंत कमळी त्याच खोल जागी पाटीसकट पडली. खुबा मोडला. त्यानंतर ती खाडीवर गेली नाही. गावकरी रावसाहेबांकडे जाऊन आले. साहेब मीटिंगमध्ये होते.

आता मला चीर गेलीय. बाळारामच्या दारात विटांवर पडून असते. कमळी माझ्यावर बसते. पुन्हा निवडणूक आलीय. आज सकाळी बाळाराम म्हणाला, "ऊठ गो. फली न्यायची हाय. रावसाहेब येनार हायेत, आनि ओहोटी हाय."

कमळी भिंत धरून उठली. आत गेली, चप्पल आणून माझ्यावर ठेवली.

"ही पन ने."

"अगो, पाहुन्यासमोर..."

"पाहुना कसला? आपली हरवलेली वस्तू न्यायला येतोय तो."

बाळारामनं मला उचललं. खांद्यावर नाही, चप्पल पडू नये म्हणून आडवी, दोन्ही हातांवर.

गावकऱ्यांनो, एकच विनवणी आहे. आज माझ्यावर गालिचा घालू नका.