गोठ्यातला मुक्काम

खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या पाण्यालगत एक गोठा होता. आता तो पुणेकरांच्या सुट्टीसाठी भाड्याने मिळतो. दगडी भिंती तशाच ठेवल्यात, गव्हाणीवर गाद्या टाकून बसायची सोय केलीय आणि ज्यांना म्हशींची दावी बांधत, त्या लोखंडी कड्यांना पांढरे टॉवेल लटकतात. यज्ञेश्वर आणि कुसुम यांच्यासाठी एका रात्रीपुरती ही जागा घेतली त्यांच्या मुलीने, ओवीने. निघताना तिने वडिलांना जिन्यात गाठलं.

"बाबा, आई खरंच चाललीये नाशिकला, मावशीकडे. कायमची. त्या गोठ्यावर गेल्यावर फक्त चुकलो म्हणा आणि राहा म्हणा. टोमणा मारू नका, प्लीज."

पुण्यात जिभेला धार लावायला सहाण लागत नाही. यज्ञेश्वरांची तर उपजतच धारदार. शाळेत मास्तर होते तेव्हा पोरं त्या जिभेवर हसायची. लग्नानंतर काही वर्षं कुसुमही हसली. मग कधीतरी ती हसायची थांबली आणि या शहाण्याला ते कळलंसुद्धा नाही. मीठ जास्त पडलं की टोमणा, कमी पडलं की टोमणा. तिचे वडील गेले, ती चार दिवस जास्त माहेरी राहिली, त्यावरही टोमणा. हात मात्र कधी उगारला नाही, हे ते स्वतःच चारचौघांत सांगत.

मुलीचं बोलणं त्यांना आतून लागलं होतं. कुसुमशिवायचं घर सारखं त्यांच्या डोळ्यांपुढे येई. तरी कुलूप लावताना त्यांनी विचारलंच, "दूध बंद सांगितलंस ना? की लिटरभर दूध मांजराच्या घशात?"

"सांगितलंय," कुसुम म्हणाली.

दुपारी जागा सांभाळणाऱ्या हिराने पिठलं-भाकरी वाढली. "हितं आमच्या म्हशी असायच्या," ती कौतुकाने म्हणाली. "आता मानसं येत्यात."

"म्हशी बऱ्या. निघून तरी जात नाहीत," यज्ञेश्वर म्हणाले.

हिरा खळखळून हसली. कुसुमने भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली बघत चावत राहिली. आपलीच जीभ हासडून टाकावी असं यज्ञेश्वरांना वाटलं. पण वाटून काय उपयोग, बाण सुटला होता. उरलेला दिवस ते तोंडाला कुलूप घालून बसले.

सकाळी ते तिच्या आधी उठले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बायकोसाठी चहा केला आणि पाण्याकडे बघत बसलेल्या कुसुमच्या हातात कप दिला. तिने घोट घेतला.

"चांगला झालाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं वाटतंय इथे. आणखी एक दिवस राहायचं?"

यज्ञेश्वरांना भरून आलं. राहायचं म्हणाली! आज एक दिवस राहील, मग कदाचित घरीही राहील. आता बोलायलाच हवं होतं. पण एकदम कसं बोलायचं, म्हणून ते रोजच्या वाटेने निघाले.

"मग दूधवाल्याला कळवायला हवं. उद्यापासून पुन्हा चालू सांगितलं असशील ना?"

"हो. परवापासून सांगते." तिने कप खाली ठेवला. "पण आता अर्धाच लिटर येईल, बंद सांगतानाच तसं सांगून ठेवलंय. तुम्हाला एकट्याला पुरेल."

म्हणजे घरातून निघायच्या आधीच तिचं ठरलं होतं. ती इथे आली होती ती लेकीचा शब्द मोडायचा नाही म्हणून. चुकलो, राहा. दोनच शब्द, ओठांवर आले होते. कुसुम त्यांच्याकडे बघत होती, अजूनही थांबून बघत होती. त्यांनी तोंड उघडलं.

"विरजणाला कमी पडेल," ते म्हणाले.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दोन्ही कप उचलले आणि हिराला हाक मारून सांगितलं, आम्ही आजच निघतोय.