लाल दोरीचा कॅन

मेहुण्याने खानावळीच्या मागे पाणी भरायला एवढा वेळ लावला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कॅन दोन, पाच-पाच लिटरचे. त्याला वेळ तो किती लागावा? बरं, परत आला तो माझ्याकडे न बघता. एका कॅनला त्याने लाल दोरी बांधली होती.

"हा माझा. याला हात लावू नका, भावजी," तो म्हणाला.

माझा कॅन चार बोटं रिकामा होता आणि त्याचा काठोकाठ. आता यावर मी काय समजायचं? पुढचं पाणी एकदम संध्याकाळी, पेट्रोल पंपावर. मध्ये नुसतं वाळवंट, रस्ता आणि समोरून येणारा वारा. त्यात गेल्या वर्षी मूतखड्याने मला दवाखान्यात गडाबडा लोळवलं होतं. पाणी कमी पडलं तर तो पुन्हा उठणार, हे डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

समुद्रापर्यंत सायकलने जायचं हे मेहुण्याचं स्वप्न. त्यासाठी त्याने दोन वर्षं रजा साठवल्या. माझी ढेरी सुटली म्हणून बायकोने मला तिच्या भावाच्या कॅरियरला बांधून दिलं, एवढाच माझा संबंध. तो माणूस चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण तहान लागली की चांगला माणूसही आधी आपला घसा बघतो, असं माझं आयुष्यभराचं मत.

वारा फोडायला आम्ही आळीपाळीने पुढे राहत होतो. मी मागे असलो की माझी नजर रस्त्यावर कमी आणि लाल दोरीवर जास्त. वाळू रस्त्यावर आली होती तिथे उतरून सायकली ढकलल्या. तेव्हाही तो माझ्यापासून कॅन लांब राहील अशा बाजूने चालला. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. मनातच.

दुपारी रस्त्याखालच्या मोरीत सावली मिळाली. तोंडावर ओला रुमाल टाकून मेहुणा घोरायला लागला. मी उठलो, दोरी सोडली, माझ्या कॅनला बांधली आणि कॅनची अदलाबदल केली. कॅन सारखेच, पातळीही तोवर जवळपास सारखी झालेली. मला फार हुशार वाटलं.

पुढे गेल्यावर पहिला घोट घेतला तो मचूळ. खारट, जिभेवर चिकटणारा. आधी मला वाटलं, यानेच काहीतरी कालवलंय. पण कॅन तर त्याचा होता. स्वतःच्याच पाण्यात कोण कशाला कालवील? हे कळायला मला बराच रस्ता लागला. आणि कळल्यावर बोलायला तोंड नव्हतं. मी तेच पाणी पीत राहिलो. कंबरेत उजवीकडे काहीतरी टोचायला लागलं.

 दोनदा थांबून मेहुण्याने स्वतःची नाडी बघितली. शेवटी सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसलाच.

"भावजी, माझं काही खरं नाही," तो म्हणाला. "सकाळी टाकीत गोडं पाणी एका कॅनपुरतंही नव्हतं. ते तुम्हाला दिलं, माझ्यात बोअरचं मचूळ भरलं. तुम्हाला मचूळ चालत नाही, ताईने बजावलंय. सांगितलं असतं तर तुम्ही खानावळवाल्याशी भांडत बसला असतात. आणि आता तेच मचूळ मला गोड लागतंय. ऊन डोक्यात गेलंय माझ्या. मी ट्रकने परत जातो."

त्याच्या मनात माझा संशय आलाच नाही. त्याने संशय घेतला तो स्वतःच्या जिभेवर.

लांबून ट्रक येत होता. तो उठून हात वर करायला लागला. दोन वर्षांच्या रजा, समुद्र, सगळं त्या हातात होतं. मला फार लाज वाटली.

"तुझी जीभ ठीक आहे," मी कसाबसा म्हणालो. "कॅन मी बदलला. तू झोपला होतास तेव्हा."

त्याने हात खाली घेतला. ट्रक आमच्या अंगावर धूळ उडवून गेला. तो लाल दोरीकडे बघत राहिला. मला शिव्या हव्या होत्या. त्याने विचारलं, मचूळ किती प्यालात, कंबर दुखते का. दुखते म्हटल्यावर उरलेलं गोडं पाणी त्याने माझ्या बाटलीत ओतलं आणि पुढे होऊन पंपापर्यंत एकट्यानेच वारा फोडला. मी पुढे येतो म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाला.

पंपावरचा नळ गोड्या पाण्याचा होता. त्याने मला जवळ बोलावलं, माझ्यासमोर दोन्ही कॅन धुतले आणि काठोकाठ भरले. लाल दोरी फेकून दिली होती. कॅन माझ्या पायाशी ठेवून तो बाजूला झाला.

"तुम्ही आधी निवडा," तो म्हणाला.

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. कुठलाही चालेल रे, मी म्हटलं, आता लाजवू नकोस.  मी बोट दाखवेपर्यंत तो तसाच उभा राहिला.