एका दिवसात परतण्याजोगी जंगले

सुमीतला पाच जंगले हवी होती. रियाधच्या मराठी मंडळाचा सचिव या नात्याने त्याने अनुराधाला फोनवर अटी नीट समजावून सांगितल्या होत्या. सकाळी निघून रात्री घरी येता आले पाहिजे, मुलांना चालता आले पाहिजे, गाडी लावायला जागा पाहिजे, "आणि मॅडम, वॉशरूमचं नक्की लिहा हं." स्वच्छतागृहाच्या आजूबाजूची झाडी ती जंगल, अशी ज्यांची व्याख्या आहे, त्यांच्या अंकासाठी लिहायला अनुराधाने होकार दिला. त्याला कारण होते. या देशातली जंगले तिच्याइतकी पारखून मंडळातल्या कोणीच पाहिली नव्हती. ती का पाहिली होती, हे अंकात लिहिण्याची गरज नव्हती.

ती रियाधमध्ये मुलींच्या एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवत होती. नवरा, रणजित, यान्बूच्या एका कारखान्यात अभियंता. दोघांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, वेगळे, बिऱ्हाडे वेगळी, आणि मध्ये अरबस्तानाची जवळजवळ अख्खी रुंदी. कंपनीने त्याला दिलेली खोली 'बॅचलर' वर्गातली होती. लग्नाला एकोणीस वर्षे झालेला माणूसही त्या खोलीत बॅचलरच असतो, आणि बायकोला तिथे पायरी चढायची मनाई असते. अल मलाझमधल्या तिच्या फ्लॅटवर तो आला, की पाहुण्यासारखा सोफ्याच्या कडेला बसे आणि चहाचा कप स्वतः विसळून ठेवी. तिला ते पाहवत नसे. म्हणून महिन्यातल्या एका शुक्रवारी, इथल्या सुटीच्या दिवशी, ती दोघे जंगलात भेटत. ती पहाटेच्या विमानाने येई. तो आदल्या संध्याकाळी निघून, जेद्दाला झोपून, गाडीने घाट चढून येई. दिवसभर चालायचे, आणि ऊन कलले की आपापल्या दिशेला जायचे.

जंगल निवडायचे काम तिचे. "तू ठरव," रणजित म्हणे. चार वर्षांत त्याने एकदाही दुसरे काही म्हटले नव्हते, आणि त्या दोन शब्दांत तिला आजवर निव्वळ आदर ऐकू आला होता.

निवड ती निष्ठुरपणे करी. मेळघाटाच्या सावलीत वाढलेल्या अमरावतीच्या मुलीला जंगल म्हणजे आधी आवाज. पायाखाली सागाचा पाचोळा पापडासारखा मोडला पाहिजे. इथे पाचोळा नव्हता, म्हणून इतर निकष अधिक कडक झाले. अबहाजवळचे अल सौदा सर्वांत दाट, पण माणसांनीही दाट. ताइफच्या अश-शफाला हवा उत्तम आणि वानरे उद्धट. अल बाहाचे रघदान म्हणजे कठड्यांची रांग, ज्यांच्या मधून मधून झाडांना उभे राहण्याची मुभा दिलेली आहे. रियाधजवळच्या रौदत खुरैमला हिवाळी पाऊस झाला तर काही आठवडे बाभळींखाली गवत उगवते; ते तिने मनोमन पहिल्या क्रमांकावर टाकले होते, कारण ते जंगल असल्याचा आव आणत नाही. पाचवे अजून ठरायचे होते. अल बाहाच्या कड्याखाली, पायऱ्यापायऱ्यांच्या पडीक शेतांपलीकडे, अरअरची, म्हणजे हपुषाची किंवा ज्युनिपरची, जुनी राई होती. या शुक्रवारी ती पाहायची होती.

विमानतळावरून निघाल्यावर गाडीत रणजित खुशीत होता. त्याने डब्यात दशम्या आणल्या होत्या, स्वतः केलेल्या. "जाड झाल्यात. गुण काप."

"चव पाहून सांगते."

तेवढ्यात फोन वाजला, आणि पडद्यावर 'विजयकुमार' उमटेपर्यंत रणजितच्या अंगठ्याने सवयीने बटण दाबलेही होते. खात्यातला सहकारी. गाडीभर त्याचा आवाज घुमला.

"अरे रणजितभाई! मॅनेजर बता रहा था, रियाधवाली पोस्ट को तुमने मना कर दिया? पागल हो क्या? भाभी तो वहीं है ना!"

"गाड़ी चला रहा हूँ, विजय. बाद में—"

"बस एक मिनट. संडे तक नाम देना है. तुम सच में नहीं जा रहे, तो मैं अपना दे दूँ? बुरा मत मानना यार."

रणजितने फोन बंद केला. वळणावर एक वानर कुटुंब कठड्यावर ओळीने बसले होते. त्यातल्या थोराडाने गाडीकडे पाहिले आणि नंतर, अत्यंत सभ्यपणे, दुसरीकडे.

अनुराधाचा राग कधी भडकत नसे. तो थंड होत जाई, आणि तिची भाषा अधिकाधिक शुद्ध होत जाई.

"ही जागा कधी निर्माण झाली?"

"दोन महिने झाले. मी लगेच नाही म्हटलं."

"म्हणजे मागच्या भेटीत, मी तुला खारकांचे प्रकार समजावून सांगत असताना, तू नकार देऊन आला होतास."

"अनु..."

"समोर पाहा. घाट आहे."

ती चालली, कारण चालायला आली होती. पडीक शेतांचे दगडी बांध उतरून वाट राईत शिरली. झाडे खरोखर जुनी होती. खोडांची साल पिळलेल्या धोतरासारखी वेटोळत वर गेलेली, आणि कितीतरी शेंडे वाळून राखाडी पडलेले. हपुषा वरून वाळत खाली येते. बुंधा हिरवा असतो तोवर वाटेवरच्या माणसाला काही कळत नाही. दरीतून धुके येऊन झाडांत अडकत होते. नाकाला ओल्या राळेचा वास. इतक्या चांगल्या जंगलात इतके वाईट ऐकायला लागावे, ही व्यवस्था कोणाची, असे तिच्या मनात आले. व्यवस्था तिचीच होती.

चार वर्षे ती मनातल्या मनात एकच गोष्ट मागत आली होती. रोजचा रणजित. भाजी महाग झाली म्हणणारा, घोरणारा, दार उघडे टाकणारा. महिन्याला एक दिवस धुऊन-इस्त्री करून मिळणारा नव्हे. रात्री फ्लॅटमध्ये शेजारच्यांच्या घरातून बाप्याच्या खोकल्याचा आवाज आला, की ती हातातले पुस्तक उपडे ठेवी. हे तिने त्याला कधी सांगितले नव्हते; जे उघड आहे ते बोलून दाखवणे तिला असंस्कृत वाटे.

"पगार कमी होता?" तिने विचारले.

"नाही. थोडा जास्तच."

"मग दुसरी कोणी असेल. निदान कथानक तरी ओळखीचं होईल."

तो हसला, आणि हसल्याची त्याला लाज वाटली. "यान्बूच्या बॅचलर क्वार्टरमध्ये? दुसरी कोणी म्हणजे आमचा केरळी स्वयंपाकी."

ती हसली नाही. तो एका बांधावर बसला. डबा त्याने उघडलाही नाही.

"तू जंगलांना गुण देतेस, अनु. मी चार वर्षं ऐकतोय. सावली किती, उतार कसा, लोक कसे. इतकं चांगलं जंगल असतं, आणि परत जाताना गाडीत तू म्हणतेस, पण पाचोळा नाही. मला मजा येते ऐकायला, खरंच. पण महिन्यातनं एक दिवस मी नीट वागू शकतो. आठवडाभर आधीपासून तयारी करतो. काय बोलायचं ते वाचून येतो, माहितीय? रोज घरी असलो तर तू मलाही गुण देशील. आणि ते मला तुझ्या तोंडावर दिसतील. तू बोलणार नाहीस. तू काही बोलतच नाहीस ना, फक्त शुद्ध बोलायला लागतेस."

खोडून काढण्यासाठी तिच्याकडे पाच मुद्दे तयार होते. पाचही अचूक होते. आणि ते मनात क्रमाने लागत असताना, आपण या क्षणी त्याला गुणच देत आहोत हे तिला दिसले. समोरच्या फांदीवरून धुक्याचे पाणी ठिबकत होते. हा माणूस माझ्याशी बोलायला अभ्यास करून येतो, या विचाराने तिला त्याच्या शेजारी बसावेसे वाटले, आणि त्याच विचाराने तिला बसता येईना.

दशम्या त्यांनी उभ्यानेच खाल्ल्या. जाड होत्या. ती काही म्हणाली नाही, आणि तिचे ते काही न म्हणणे त्याने ऐकले, हे तिने पाहिले.

विमानतळाच्या दारात त्याने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केले नाही. "संडेपर्यंत वेळ आहे अजून," तो म्हणाला. "तू म्हणालीस तर नकार फिरवतो."

"माहीत आहे."

"मग म्हण ना! भांड तरी. नळावरच्यासारखी भांड!"

"मी म्हटलं तर तू येशील, रणजित. आज्ञाधारकपणे येशील आणि सोफ्याच्या कडेला बसशील." तिने सीटचा पट्टा सोडला. "मला तू यायला हवा आहेस. मी बोलावलेला नकोय. आणि हवा आहेस हे तुला ठाऊक नव्हतं, ही माझी विद्वत्ता."

एवढे बोलून ती उतरली. मागे वळून पाहिले असते तर रडू आले असते, म्हणून तिने सुरक्षा रक्षकाला अनावश्यक नम्रतेने सलाम केला आणि आत गेली.

शनिवारी त्याचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. लेख लिहायला बसली आणि पाचव्या जंगलापाशी थांबली. त्या राईबद्दल तिला एकही तुच्छतेचे वाक्य सुचेना.

रविवारी दुपारी शेवटचा तास संपवून ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा फोन वाजला.

"मी गेलो होतो," रणजित म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मॅनेजर आत्ता आला; त्याची गाडी यायच्या आधीच दारात उभा होतो. सांगितलं त्याला, मला जायचंय. माझी बायको तिथे आहे."

तिने खुर्चीची पाठ धरली. "मग?"

"खलास म्हणाला. विजयकुमारने कालच मेल टाकली. वरून मंजूरही झालं." तो थांबला. "मी विजयला गाडीतच नाही म्हणायला हवं होतं. त्याच वेळी. तुझ्यासमोर."

"हो," ती म्हणाली. "म्हणायला हवं होतंस."

फोन मात्र कोणी ठेवला नाही. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, मागे कसलीशी यंत्रे, कोणाची तरी हिंदीतली हाक. तो काही वाचून आला नव्हता. स्टाफरूम रिकामी होत गेली. मुलींना न्यायला आलेल्या गाड्या फाटकातून एक एक करून निघून गेल्या, आणि तिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

रियाधची असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, अजान मघाशीच होऊन गेली होती. यान्बू पश्चिमेला, तिथे सूर्य उशिरा कलतो. बऱ्याच वेळाने तीच अजान त्याच्या बाजूने, फोनमधून, बारीक आवाजात सुरू झाली, आणि ती संपेपर्यंत दोघे ऐकत राहिली.