गोपाळरावांची फाइल

मनोहरराव, आमचे नवे साहेब, गोपाळरावांच्या टेबलापाशी उभ्यानेच कागद चाळत होते. खुर्चीत ते बसले नाहीत.

"शामलाबाई, हे सी नाही आणि पास्कलही नाही. आहे तरी काय?" त्यांनी मला विचारलं.

"खिचडी आहे जी साहेब," ऑपरेटर चंपतराव म्हणाले. "पण पोट भरते."



आधीच्या मशीनवर प्रोग्राम लिहायची भाषा पास्कल होती, नव्यावर सी आली. सीमध्ये कामाचा प्रत्येक तुकडा महिरपी कंसात ठेवायचा. पास्कलमध्ये तिथे बिगिन आणि एंड लिहितात. गोपाळरावांनी एक छोटी फाइल केली. बिगिन म्हणजे उघडता कंस, एंड म्हणजे मिटता, एवढंच तिच्यात सांगितलेलं. ती प्रोग्रामच्या वर जोडली की मशीन मुकाट ऐकायचं.

"या वयात मले नवी भाषा कायले शिकवता वं? मीच तिले माही शिकवतो," ते म्हणायचे.

मी त्यांच्याच हाताखाली शिकले, तशीच लिहू लागले. मार्चमध्ये ते वारले.

"सोमवारपर्यंत शुद्ध सीमध्ये आणा," मनोहरराव म्हणाले. "नाहीतर बाहेरच्या कंपनीकडून नवं लिहून घेतो, हे सगळं रद्द."

गोपाळरावांचा प्रोग्राम ठेवायचा, तर त्यांचे शब्द काढायला हवे होते. मी पडद्यावरच्या एडिटरला बिगिन आणि एंड बदलायच्या दोन आज्ञा दिल्या. पडदा एकदा हलला आणि सगळीकडे कंस आले. मध्येच माझ्यासाठी लिहिलेली, मशीन वाचत नाही अशी एक टीप होती: 'शामला, समजलं नाही तर इथून बिगिन कर.' तिथेही आता कंस होता. ती ओळ मी पुसली. मग ती फाइलही.

प्रोग्राम चालवून वीज केंद्राच्या कोळशाच्या साठ्याचे आकडे जुन्या छपाईशी ताडून पाहिले. सगळे जुळले.

"झालं?" मनोहररावांनी विचारलं.

"झालं."

घरी जायच्या कोराडीच्या बसला अजून वेळ होता. मी पुढचा प्रोग्राम लिहायला घेतला. मशीननं पहिल्याच ओळीवर चूक दाखवली. बिगिन हा शब्द त्याच्या ओळखीचा नव्हता.

"काय म्हणून राहिलं जी ते?" चंपतरावांनी विचारलं.

"काही नाही."

मी शब्द खोडला. कीबोर्डवर महिरपी कंस उजवीकडे, करंगळीच्या बाजूला असतो. तो शोधायला मला खाली पाहावं लागलं.